तिसऱ्या भेटीचा रकाना

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास, मी ज्या वाडीबद्दल लिहितो आहे तिथं बहुतेक घरांत कोणी नसेल. अकरा घरं, बंद दारं, दाराला बाहेरून एक आडवी काठी. माणसं चाळीस मिनिटं खाली, ओढ्यापलीकडच्या शेतात, भाताच्या राखणीला. मतदार यादीच्या भाषेत या स्थितीला नाव नाही. मी एकदा दिलं होतं. ते चुकीचं होतं.

मी प्राथमिक शिक्षक. घर रामनगरला, नोकरीची बहुतेक वर्षं कुंभारवाड्याच्या पुढच्या रानातल्या शाळांत. शिक्षक होण्याआधी काही वर्षं बेळगावच्या एका दैनिकाला कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, एवढं एक तिथं शिकलो. पुढं शाळेच्या जोडीला सरकारनं दुसरं काम दिलं, बीएलओचं. एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारा तो बीएलओ. नवा मतदार आला की सहा नंबरचा अर्ज, नाव काढायचं असेल तर सात नंबरचा, दुरुस्ती असेल तर आठ नंबरचा. मतदान एका दिवसाचं असतं, यादी बारा महिन्यांची. लोक मतदान यंत्रावरून भांडतात. यंत्रापुढं उभं राहण्याआधी माणूस कागदावर असावा लागतो, त्यावरून कोणी भांडलेलं मी फारसं पाहिलं नाही.

यादीत मृत आणि अंगणात जिवंत, अशा माणसाची गोष्ट प्रत्येक बीएलओकडे असते. माझ्याकडे तीन आहेत. त्या इथं सांगत नाही.

त्यापेक्षा गुंद गावाच्या बाजूच्या एका घराचं सांगतो. एका वर्षी संगणकानं ते घर संशयास्पद ठरवलं, कारण एकाच घर क्रमांकावर बावीस मतदार होते. शहरात एका पत्त्यावर बावीस नावं असली तर संशय घ्यावा हे बरोबर आहे. चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी आले. मी वाट दाखवायला. घरातले थोरले, बुधो अज्जा, ओसरीवर सुपाऱ्या सोलत होते. अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारलं, इतकी माणसं एका घरात कशी? अज्जांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हे जेवून आलेत का न्हाई?" मग आत हाक मारली. चार भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, सुना, सगळे अंगणात येऊन उभे राहिले. अधिकारी मोजत गेले. एकवीस झाले. बाविसावी बाळंतपणाला माहेरी होती.

"एका चुलीवर शिजतं ते एक घर," अज्जा म्हणाले. "यादीत घाला, न्हाईतर उद्यापासून तुमी जेवायला घाला."

अधिकारी हसले. अहवाल घराच्या बाजूनं गेला. चूल जिथं, घर तिथं, ही त्या रानाची व्याख्या मी त्या दिवशी ऐकली आणि तिचा दुसरा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. चूल हलली तर घरही हलतं.

आता त्या वाडीकडे येतो. तिचं नाव देत नाही. तिथली दोन माणसं दिवाळी अंक वाचतात.

घर बंद असेल तर बीएलओनं तीन वेळा जायचं असतं. आमच्या नोंदवहीत त्यासाठी तीन रकाने होते. पहिली भेट, दुसरी भेट, तिसरी भेट. प्रत्येकात तारीख आणि सही. तिन्ही भेटींत माणूस सापडला नाही आणि शेजाऱ्यांकडूनही काही कळलं नाही, तर त्याच्या नावापुढं तीनपैकी एक खूण करायची. गैरहजर, स्थलांतरित किंवा मृत. नियम वाईट नाही. फक्त तो धरून चालतो की शेजारी घरी असतात.

त्या वर्षी पूर्ण यादी घरोघर जाऊन तपासायचा आदेश आला. मुदत एक महिना. मुदत ठरवताना परीक्षा पाहिल्या होत्या, सण पाहिले होते. तो महिना आमच्याकडं भात पिकण्याचा होता.

भात पिवळं पडू लागलं की रात्री रानडुकरं आणि गवे येतात, दिवसा माकडं आणि पोपट. एका माणसाच्या ओरडण्यानं भागत नाही. म्हणून सगळं घरच शेतात उतरतं. भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, तान्ही मुलं. बांधावर माळा, म्हणजे मचाण, उभा राहतो, माळ्याखाली चूल लागते. कापणी, मळणी होऊन भात वर घरी येईपर्यंत मुक्काम तिथंच. मी हे ऐकून होतो. पाहिलं नव्हतं, कारण त्या दिवसांत शाळेला दसऱ्याची सुट्टी असायची आणि मी रामनगरला.

पहिल्या भेटीला अकराच्या अकरा दारं बंद. हाका मारल्या. एक कुत्रं आलं, पाय हुंगून गेलं. मी दारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि निघालो.

दुसरी भेट आठ दिवसांनी. चिठ्ठ्या तशाच. चौथ्या घराच्या मागून ओढ्याकडं उतरणारी पायवाट होती. तिथं उभा असताना खालून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला. थांबला, परत आला. चार वाजून गेले होते. पाच वाजेपर्यंत दिवसाचा अहवाल फोनवरून पाठवायचा होता आणि रेंज मिळायची ती एका टेकडीवर, उलट्या दिशेला. माझ्याकडं त्या महिन्यात तीनशेच्या वर घरं होती. मी टेकडीकडं वळलो.

तिसरी भेट मी दिली नाही. तिसरा रकाना शाळेतल्या टेबलावर भरला. तारीख घातली, सही केली. खूण कोणती करायची यावर थोडा वेळ गेला. गैरहजर लिहिलं तर वरून विचारणा येते, खुलासा द्यावा लागतो. स्थलांतरितला खुलासा लागत नाही. मी स्थलांतरित लिहिलं. बेचाळीस नावं.

कच्ची यादी पंचायत कार्यालयात लागली. हरकतींची मुदत आली आणि गेली. वाडीतलं कोणी यादी बघायला आलं नाही. ते मळणीत होते. पक्की यादी निघाली तेव्हा मी तिच्याकडं पाहिलंही नाही.

काही महिन्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. त्या प्रभागाची जागा त्या खेपेला महिलेसाठी राखीव होती. वाडीतल्या चौथ्या घरातली सुमित्रा उभी राहणार असं मला शाळेतल्या मुलांकडूनच कळलं. तिशीच्या पुढची बाई, कन्नड सातवी झालेली. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल होती. वाडी आणि शाळा यांच्या मध्ये तो ओढा. वाडीतली माणसं दर वर्षी लाकडाचा साकव, म्हणजे छोटा पूल, बांधतात, दर वर्षी पावसाचं पाणी तो घेऊन जातं. पाणी उतरेपर्यंत मुलं शाळेत येत नाहीत. पंचायतीत आपलं माणूस असल्याशिवाय पक्क्या साकवाचा ठराव होत नाही, हे सुमित्रानं दोन ग्रामसभांत गप्प बसून समजून घेतलं होतं. जागा राखीव निघाली तेव्हा वाडीत बैठक झाली आणि नाव तिचं ठरलं.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी ती आली. निवडणूक अधिकारी बाहेरच्या तालुक्यातले होते. त्यांच्या टेबलाशेजारी यादी घेऊन मी बसलो होतो. सुमित्राबरोबर सूचक म्हणून तिचा दीर होता.

"बरं झालं मास्तर, तुमीच हायसा," ती म्हणाली. "माझं नाव काढा."

मी शोधायला लागलो. यादीत नव्हतं. मग वगळलेल्या नावांची पुरवणी उघडली. नाव तिथं होतं.

"नाव वगळलंय," मी म्हणालो.

"का?"

"स्थलांतर."

"ह्याचं बघा." तिनं दिराकडं बोट केलं.

त्याचंही नव्हतं. वाडीतलं कोणाचंच नव्हतं. दीर हसला. "वैनी, अख्खी वाडी गाव सोडून गेली आणि आपल्याला कोण सांगिटलं बी न्हाई."

ती हसली नाही. "कुठं गेलो मास्तर? लिहिलं असंल की तिथं."

"कुठं ते लिहीत नाहीत."

"मग गेलो हे कसं कळलं?"

"घरं बंद होती. कापणीच्या आधी."

"त्या दिवसांत घरात कोण असतंय? दाराला काठी बघितलासा न्हाई? गाव सोडून जाणारा काठी लावंल कशाला? रिकाम्या घरात कुणाला आडवायला?"

अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "काय झालं, मेष्ट्रे?" कन्नडमध्ये मास्तरला मेष्ट्रे म्हणतात. मी सांगितलं, यादीत नाव नाही. वाक्य खरं होतं आणि पूर्ण होतं. बातमीत चाललं असतं.

सुमित्रानं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. "उद्या तीनपर्यंत हाय न्हवं?" तिनं अधिकाऱ्यांना विचारलं. मग मला म्हणाली, "तुमीच काढलासा, तुमीच घाला."

मी मोटारसायकल काढून तहसीलदारांकडं गेलो. तहसीलदार बाईंनी वही मागितली, तिन्ही रकाने पाहिले आणि विचारलं, "या तिन्ही भेटी झाल्या होत्या?"

"नोंद आहे, मॅडम."

"नोंद माझ्या हातात आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. रीतसर तीन भेटी होऊन नाव निघालं असेल तर नवा अर्ज, नवी मुदत, या निवडणुकीत काही होणार नाही. रीत पाळली नसेल तर नाव काढणंच चूक ठरतं, आणि ती चूक त्या स्वतःच्या अधिकारात दुरुस्त करू शकतात. त्यासाठी माझा लेखी जबाब लागेल.

मी तिथंच लिहून दिलं, की नावं नजरचुकीने वगळली गेली.

त्यांनी वाचून कागद परत केला. "बेचाळीस नावांवरून नजर एकदम चुकत नाही. उद्या दहा वाजता नीट लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी दहाला मी तिथं नव्हतो. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात होतो. कोरा कागद खिशात होता. नोकरीची आठ वर्षं उरली होती. खोटी नोंद केली असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं तर निलंबन होऊ शकतं, हे मला माहीत होतं आणि हॉटेलात भेटलेल्या दुसऱ्या एका शिक्षकानं ते पुन्हा सांगितलं. तीन चहा झाले. मी दोनदा उठून कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा साडेबारा वाजले होते. तिथंच एका बाकावर बसून लिहिलं, "तिसरी भेट दिली नाही. रकाना शाळेत बसून भरला." दोन वाक्यं. लिहायला एक मिनिट लागलं.

मॅडमनी लगेच चौकशी लावली, वगळलेल्या नावांची यादी मागवून घेतली, आदेश टाईप झाला, सही झाली. दोन वाजून गेले होते. मूळ सहीचा कागद अधिकाऱ्यांच्या हातात पडायला हवा होता. मधला रस्ता रानातला, वळणांचा. मी पंचायतीच्या आवारात पोचलो तेव्हा चारला वीस मिनिटं होती. टेबल आवरलेलं होतं. त्या प्रभागात एकच अर्ज आला होता आणि तो सुमित्राचा नव्हता.

ती पायरीवर बसली होती, दीर शेजारी. मी आदेश तिच्या हातात दिला. तिनं कन्नडमधला तो सगळा कागद सावकाश वाचला.

"तिसऱ्यांदा आला न्हाई असं लिहिलासा हितं."

"हो."

"दुसऱ्यांदा आलासा तवा खालनं डबा ऐकू आला का तुमाला?"

"आला."

"मी बडवत हुते." तिनं कागद घडी केला. "नावं तर आली."

शेवटची बस गेली होती. दोघं चालत निघाली. मी मोटारसायकलवर सोडतो म्हणालो. दीर म्हणाला, "राहू दे मास्तर. आमी स्थलांतर करतो."

मला निलंबित केलं नाही. सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ आली. हॉटेलात घालवलेल्या अडीच तासांबद्दल कोणी विचारलं नाही, त्यामुळं ते कुठंच नोंदलेले नाहीत.

त्यानंतर मी सुधारणेचा एक प्रस्ताव लिहिला. तीन खुणांना चौथी जोडावी, हंगामी मुक्काम. भेट दारावर नव्हे तर चूल असेल तिथं द्यावी. घरोघर तपासणीचा महिना प्रत्येक तालुक्याच्या पिकाप्रमाणे ठरवावा. एका बैठकीत तो वाचला गेला. वरिष्ठांपैकी एक जण शांतपणे म्हणाले, "मेष्ट्रे, एका तालुक्यासाठी देशाचा फॉर्म बदलत नाहीत." त्यांचंही बरोबर होतं. प्रस्तावाला पोच मिळाली.

सुधारणा आली ती दुसरीच. आमच्या हातात ॲप आलं. आता घर बंद असेल तर दारासमोर उभं राहून फोटो काढायचा, फोटोबरोबर जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. रेंज नसली तर फोटो फोनमध्ये साठतो आणि टेकडीवर गेलं की निघून जातो. शाळेच्या टेबलावर बसून तिसरी भेट देणं बंद झालं. ही सुधारणा माझ्यासारख्यांमुळं आली आणि ती योग्य आहे. मात्र तिनं पकडला जातो तो बीएलओ. शेतातला मतदार सापडत नाही. आडव्या काठीचे तीन सुंदर फोटो जमा होतात आणि खाली त्याच तीन खुणा.

उरलेली वर्षं मी आधी दारांचे फोटो काढत असे आणि मग चाळीस मिनिटं उतरून जात असे. माळ्याखाली बसून अर्ज भरत असे. वाडीतली माणसं भात वाढायची, बोलायची. सुमित्राही बोलायची. दर खेपेला ती अकरा घरांची नावं मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि बोटांवर मोजायची. पुढच्या निवडणुकीत आरक्षण फिरलं, ती जागा तिला लढवता येण्यासारखी राहिली नाही. साकव अजून लाकडाचा आहे. तिच्या मुलीची शाळा तशीच, अर्ध्या वर्षांची, संपली.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझ्या जागी एक तरुण शिक्षिका आल्या आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं आहे, पायवाटही दाखवली आहे. तरी ते दिवस आले की घरात बसवत नाही. गेल्या वर्षी यादीचं काम चालू असल्याचं कळलं आणि मी कारण नसताना बसनं कुंभारवाड्याला गेलो, तिथून चालत वाडीत.

दहा दारांना काठ्या होत्या. चौथ्याला नव्हती. सुमित्रा ओसरीवर सुपात कुळीथ निवडत बसली होती.

"काय मास्तर, वाट चुकलासा?"

"राखणीला गेली नाहीस?"

"ही राखणच हाय."

मला कळलं नाही. तिनं सूप बाजूला ठेवून सांगितलं. नावं गेली होती त्याच्या दुसऱ्या सालापासून अकरा घरांनी बारी लावून घेतली आहे. भात उभं असेपर्यंत रोज एका घरातलं एक माणूस वर वाडीत थांबतं, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. यादीवालं कोणी आलं तर सांगायला.

"पण मी दर वर्षी खाली येत होतो," मी म्हणालो. "नव्या बाईंनाही सांगितलंय."

"तुमी सांगिटलासा. त्या बाई बदलून गेल्या तर? डुक्कर कधी येणार ते आमाला ठाऊक असतंय, मास्तर. तुमचं हापिस कधी येणार ते न्हाई."

"खाली एक माणूस कमी पडत असेल."

"पडतंय की. गेल्या साली दिराच्या कडेच्या वाफ्यात भरदिवसा गवे शिरले. त्या दिवशी त्याची बारी हुती, हितं बसला हुता." तिनं वाटेकडं मान केली. "कोण आलं बी न्हाई त्या दिवशी."

इतकी वर्षं मी माळ्याखाली बसून अर्ज भरले, भात खाल्लं, आणि वर कोणीतरी माझ्या नावानं बसलेलं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दारांचे फोटो झाले की मी हाक न मारता थेट पायवाटेला लागत असे; ओसरीवर कोणी दिसलं तर कामासाठी वर आलं असेल असं समजत असे. मग आठवलं, दर खेपेला कुठल्यातरी एका दाराला काठी नसायची. फोटोंत ते असेल.

सुमित्रा उठली. पदर खोचला.

"आलायसाच तर बसता काय घटकाभर? खालच्या वाफ्यात पाणी किती हाय ते बघून येते. कोण आलं तर सांगा, अकरा घरं हायत, माणसं शेतात हायत. एवढंच सांगा."

ती पायवाटेनं उतरून गेली. मी ओसरीवर बसलो. थोड्या वेळानं खालून डबा वाजू लागला. ती येईपर्यंत वाडीत कोणी आलं नाही. मी दोनदा उठलो. अंगण सोडलं नाही.